पाटीवर पातळीही लिहा, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

महामार्गालगतच्या कितीतरी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या आवारात ‘ट्रॉमा केअर सेंटर’, म्हणजे अपघातातल्या गंभीर जखमींवर उपचारांचं केंद्र, अशी पाटी लावलेली इमारत दिसते. एखाद्या पाटीखाली रात्री दोन वाजताही सर्जन, अस्थिरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळतं. दुसऱ्या एखाद्या पाटीखाली बंधपत्रावरचा एकटा वैद्यकीय अधिकारी, दोन परिचारिका आणि कुलूपबंद ऑपरेशन थिएटर असतं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच. मी भूलतज्ज्ञ आहे आणि सरकारी रुग्णालयांत ‘ऑन कॉल’ जात आलो आहे, त्यामुळे हा फरक आतून पाहिलेला आहे. जिथे जे मिळतं तेच पाटीवर असावं, आणि जिथे काही मिळत नाही तिथली पाटी उतरवावी, एवढ्यासाठी हे पत्र.

त्यासाठी केंद्रांच्या पातळ्या नव्याने ठरवायच्या नाहीत. राष्ट्रीय महामार्गांसाठीच्या केंद्राच्या ट्रॉमा योजनेत त्या लिहिलेल्याच आहेत. लेव्हल एक म्हणजे सगळ्या अतिविशेष शाखा चोवीस तास असलेलं मोठं केंद्र. लेव्हल दोनमध्ये सर्जन, अस्थिरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ रुग्णालयातच हजर, आणि न्यूरोसर्जन, म्हणजे मेंदूची शस्त्रक्रिया करणारा, बोलावल्यावर येणारा. लेव्हल तीनमध्ये जखमीची तपासणी करायची, त्याला स्थिर करायचं, गरज पडली तर त्यासाठी शस्त्रक्रियाही करायची आणि मग पुढे पाठवायचं. चौथी पातळी म्हणजे सुसज्ज रुग्णवाहिका. महामार्गावर दर १०० ते १५० किलोमीटरवर लेव्हल तीन, साधारण ३०० वर लेव्हल दोन आणि ७५० ते ८०० वर लेव्हल एक, असं त्याचं गणित. (आकडा जितका लहान तितकं केंद्र मोठं. हे उलटं असल्यामुळे ‘आमच्याकडे लेव्हल थ्री आहे’ असं अभिमानाने सांगणारे लोकप्रतिनिधी मी ऐकले आहेत.) लेव्हल तीनलाही भूलतज्ज्ञ चोवीस तास हवा, असं हीच योजना सांगते. आपल्याकडे मात्र तो बऱ्याच ठिकाणी केसमागे मानधनावर, बाहेरून येईल तेव्हा येतो. भूल देणारा नसेल तर सर्जन असून नसल्यासारखाच.

आता चुकीच्या ठिकाणी पोहोचलेल्या जखमीचं काय होतं ते पाहा. डोक्याला मार आहे, पण अजून बोलतोय. आधी केसपेपर, मग एमएलसीची, म्हणजे पोलिसांत जाणाऱ्या (मेडिको-लीगल) केसची नोंद. हाडं पाहायला एक्स-रे. सीटी स्कॅन रुग्णालयात नाही म्हणून बाहेरच्या सेंटरवर नेऊन आणायचं. फिल्म हातात येईपर्यंत बोलणं थांबलेलं असतं. सर्जनला फोन होतो आणि तो फोनवरच सांगतो की न्यूरोसर्जन असेल तिथे न्या. नातेवाईक रुग्णवाहिका शोधायला लागतात. पुढच्या रुग्णालयात ‘बेड नाही’, तिथून तिसरीकडे. कवटीखाली साचणारं रक्त वेळेत काढलं तर माणूस चालत घरी जाऊ शकतो, म्हणून यातली दिरंगाई फार जिव्हारी लागते. ज्या तपासणीने इथल्या उपचारात काही बदलणार नाही, तिच्यासाठी रवानगी अडवू नये, हे डॉक्टरांना एटीएलएस (ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट) या जखमींवरच्या तातडीच्या उपचारांच्या प्रशिक्षणात शिकवलं जातं. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात जेम्स स्टायनर या अस्थिरोगतज्ज्ञाचं छोटं विमान कोसळलं, पत्नी जागीच गेली, आणि जखमी मुलांना घेऊन तो जवळच्या गावातल्या रुग्णालयात पोहोचला तर दार बंद. दार उघडल्यावरही जे उपचार झाले ते पाहून त्याने पुढाकार घेतला आणि दोन वर्षांत हे प्रशिक्षण उभं राहिलं. ते मुळात लहान गावांतल्या डॉक्टरांसाठीच होतं.

म्हणूनच लहान रुग्णालयांना कमी लेखू नका, असंही मला सांगायचं आहे. श्वासमार्ग मोकळा ठेवणं, छातीत साचलेली हवा नळी घालून काढणं, मोडलेली कंबर चादरीने का होईना घट्ट बांधणं, रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिडचं इंजेक्शन देणं: यातल्या कशालाही सुपरस्पेशालिस्ट लागत नाही. त्या इंजेक्शनची मोठी चाचणी ४० देशांतल्या २०,००० हून अधिक जखमींवर झाली आणि २०१० आणि २०११ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या तीन तासांत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, त्यानंतर दिलं तर उलट अपायाची शक्यता. म्हणजे ते द्यायची जागा रुग्णवाहिका आणि ग्रामीण रुग्णालय हीच आहे. अशा जागेला ‘स्थिरीकरण केंद्र’ म्हणा आणि तेवढंच काम तिच्याकडून चोख करून घ्या.

यावर आपल्याकडे येणारे आमदार काय म्हणतील याची कल्पना आहे. ‘आमच्या तालुक्याचं सेंटर काढून घेतलं.’ पण सेंटर तिथे होतं कुठे? इंग्लंडने २०१२ मध्ये देशभर ट्रॉमा नेटवर्क लागू केलं तेव्हा गंभीर जखमींना घेऊन जाणाऱ्या रुग्णवाहिका जवळची रुग्णालयं मुद्दाम ओलांडून मोठ्या केंद्राकडे जाऊ लागल्या. तिथेही विरोध झालाच असणार. पुढे २००८ ते २०१७ या काळाचा अभ्यास झाला तेव्हा रुग्णालयात जिवंत पोहोचलेल्या जखमींच्या वाचण्याची शक्यता १९ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. अमेरिकेत २००६ च्या अभ्यासात ट्रॉमा केंद्रात उपचार झालेल्या गंभीर जखमींचा मृत्यूचा धोका इतर रुग्णालयांपेक्षा २५ टक्क्यांनी कमी निघाला. मला पन्नास अर्धवट केंद्रांपेक्षा दहा पूर्ण केंद्रं परवडतील.

अर्थात गडचिरोलीत किंवा नंदुरबारच्या धडगावात ‘जवळचं ओलांडून पुढे जा’ हा नियम चालणार नाही. पुढे जायला तिथे काही जवळ नाहीच. अशा तालुक्यांत भूलतज्ज्ञ आणि सर्जन मुक्कामी ठेवण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतील, रक्त साठवण केंद्र खरोखर चालवावं लागेल. दहा केंद्रांचा हिशेब करताना यांना त्यात धरू नका.

राज्यात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली, त्यांत ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, म्हणजे जीव वाचवायची प्रगत साधनं असलेल्या, २३३. गाडीतल्या डॉक्टरला आज ‘जवळचं सरकारी रुग्णालय’ एवढंच बघावं लागतं, कारण कुठे काय चालू आहे हे त्याला कोणी सांगत नाही. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजना आणली: सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. योजनेत नसलेल्या रुग्णालयाने फक्त स्थिर करून पुढे पाठवायचं, असं तिच्यातही आहे. मोटार वाहन कायद्याने २०१९ मध्ये ‘गोल्डन अवर’ची, म्हणजे गंभीर इजेनंतरच्या पहिल्या तासाची, व्याख्याही केली. पैशाची आणि कायद्याची सोय झाली, पण जखमीला न्यायचं कुठे, याची यादी अजून हवी आहे.

ती यादी लेव्हलसकट जाहीर करा. तिच्यातल्या वरच्या केंद्राला खालच्या केंद्राचा फोन आला तर गंभीर जखमीला ‘बेड नाही’ म्हणून नाकारता येणार नाही, असा शासन निर्णय काढा. प्रत्येक जिल्ह्यात अपघाती मृत्यूंचा महिन्याला आढावा घ्या, कोणाला फासावर लटकवायला नाही, वेळ कुठे गेला ते शोधायला. या तिन्हींना काही महिने लागतील हे समजू शकतो. पण सकाळ, दुपार आणि रात्र, प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला १०८ च्या नियंत्रण कक्षाने प्रत्येक ट्रॉमा सेंटरला फोन करून ‘सर्जन आहे का, भूलतज्ज्ञ आहे का, रक्त आहे का, सीटी चालू आहे का’ हे चार प्रश्न विचारायचे आणि उत्तरं गाड्यांना कळवायची, याला नवी इमारत लागत नाही आणि नवी पदंही लागत नाहीत. हे येत्या सोमवारपासून सुरू करता येईल.

आपला,
एक भूलतज्ज्ञ