डार्विन यांची पत्रे आणि आपल्याकडची रद्दी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातून गहाळ झालेल्या चार्ल्स डार्विन यांच्या दोन वह्या मार्च २०२२ मध्ये परत मिळाल्या, तेव्हा त्या ग्रंथपालांच्या कचेरीबाहेर जमिनीवर एका गुलाबी पिशवीत ठेवलेल्या होत्या. छायाचित्रणासाठी २००० मध्ये बाहेर काढलेल्या या वह्या जागेवर नसल्याचे पुढच्या वर्षी लक्षात आले होते. त्यांपैकी एकीत १८३७ साली काढलेले, जीवजातींना फांद्या फुटत गेल्याचे प्रसिद्ध रेखाचित्र आहे आणि त्याच्या वर ‘मला वाटते’ एवढेच शब्द आहेत. उत्क्रांतीच्या सिद्धान्ताचे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हे पुस्तक त्यानंतर बावीस वर्षांनी आले. मधली चाचपणी कशी झाली असेल, हे अशा वह्या जपल्या म्हणूनच आपल्याला पाहता येते.

मला मात्र पत्रांचे काम त्याहून मोठे वाटते. डार्विन यांनी लिहिलेली आणि त्यांना आलेली सुमारे १५,००० पत्रे जगभरातून शोधून, लावून, टिपांसह छापण्याचे काम १९७४ मध्ये सुरू झाले आणि तिसावा, शेवटचा खंड तयार व्हायला जवळपास पन्नास वर्षे लागली. एवढी माणसे एवढी वर्षे खपूनही जे गेले ते गेलेच. डार्विन आलेली पत्रे तारेला ओवून ठेवीत, आपल्याकडे दुकानदार बिले ओवतात तशी, आणि तारा भरल्या की काही वर्षांची पत्रे जाळून त्या रिकाम्या करीत. त्यामुळे १८६२ पूर्वी त्यांना आलेली बहुतेक पत्रे नष्ट झाल्याचे त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी लिहून ठेवले आहे. ‘ओरिजिन’च्या हस्तलिखिताची तर मोजकीच पाने उरली आहेत, आणि त्यांतली काही मुलांनी पाठकोऱ्या बाजूवर चित्रे काढली म्हणून घरात राहिली.

हे लिहिण्याचे कारण जवळचे आहे. खानापूर तालुक्यातील ज्या शाळेत मी विज्ञान शिकवले, तेथे माझ्या आधीचे गुरुजी पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी जांभळ्या शाईने लिहीत. ‘मृग निघाला, पाऊस नाही, वारा पश्चिमेचा’ अशा ओळी त्यात होत्या. इमारतीच्या डागडुजीच्या वेळी तो सगळा गठ्ठा किलोवर विकला गेला. मी पोहोचलो तोवर टेम्पो निघाला होता. व्हरांड्यात सांडलेली अकरा पाने तेवढी हाती लागली.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुन्या शिक्षकांच्या, वैद्यांच्या, शेतीचे प्रयोग करणाऱ्यांच्या वह्या आजही माळ्यावर असतील. आपल्याकडच्या पावसाळी ओलीत त्यांना बुरशी आणि वाळवी लागायला वेळ लागत नाही. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये, आणि कागद ज्या क्रमाने सापडतील तो क्रम मोडू नये, कारण कोणते पत्र कोणत्या टिपणाशेजारी होते यावरूनही अभ्यासकाला बरेच कळते. पूर्वीची दफ्तरे सुती रुमालात बांधत, ती पद्धत घरच्या घरी आजही चालण्यासारखी आहे.

सीमाभागातील एखाद्या मराठी वाचनालयाने अशा कागदांसाठी एक कोरडे कपाट राखून ठेवावे आणि आपल्या दैनिकाने त्याची हाक वाचकांपर्यंत पोहोचवावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. कपाटाची सोय झाल्याचे कळताच ती अकरा पाने मी स्वतः आणून देईन.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव