टिंब

ऐरोली,
रविवार

प्रिय बंड्या,

तुझ्या पत्राला महिना होऊन गेला. शिव्या घातल्या असशीलच. वैमानिकांच्या सरावाच्या सिम्युलेटरच्या स्क्रीनचं काम अंगावर आलंय रे.

पहिला नमुना मी झोकात सजवला होता. निळं, हिरवं, जांभळं, सगळं. तपासायला एक निवृत्त कॅप्टन आले. काही न बोलता त्यांनी माझी खुर्ची मागून गदागदा हलवली आणि म्हणाले, "आता उंची वाच." मी ३,८०० चे ८,८०० वाचले! "ढगात असंच हलतं," एवढंच बोलले. मग म्हणाले, "सगळं आलबेल असताना एवढी रोषणाई? बिघाड झाल्यावर काय पेटवशील?" लाल रंग तातडीच्या धोक्याला, अंबर म्हणजे पिवळट केशरी सावधगिरीला, ते उधळायचे नाहीत. एअरबसमध्ये तर सगळं ठाकठीक असलं की बहुतेक बटणांत दिवाच लागत नाही.

त्यांनीच मला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचा विमान अपघात वाचायला लावला. २० जानेवारी १९९२, रात्रीची वेळ, एअर इंटर कंपनीचं एअरबस ए-३२०. किती अंशांनी उतरायचं आणि मिनिटाला किती फूट उतरायचं, दोन्हींना नॉब एकच, आकडा दिसायची खिडकीही एकच. ३.३ अंश असेल तर '-३.३' दिसायचं, ३,३०० फूट असेल तर '-३३'. फरक एका टिंबाचा. वैमानिकांना बहुधा कोन हवा होता, मोड बदलायचा राहून गेला. मिनिटाला आठशे फुटांच्या आसपास उतरायचं ते विमान चौपट वेगानं खाली येऊन डोंगरावर आदळलं. ९६ पैकी ८७ जण गेले. पुढे एअरबसनं त्या खिडकीत अख्खं '-३३००' दाखवायला सुरुवात केली. दोन शून्यं रे!

आणि परवा आमच्या आईनं काय केलं, तर ठाण्याहून कळव्याला निघाली ती फास्टमध्ये चढली. उतरली थेट डोंबिवलीला. इंडिकेटरवर फास्टचा तो एफ कोपऱ्यात एकटाच, बाकी सगळं स्लोसारखंच. "माझंच मेलीचं लक्ष नव्हतं," म्हणाली. मला असला राग आला! तिला टिंबाची सगळी गोष्ट सांगितली. शेंगा मोडता मोडता ऐकत होती. म्हणाली, "मग तू तरी मोठ्या अक्षरात लिही."

उद्या नवा नमुना दाखवायचाय. जांभळं गेलं. निळं फक्त क्षितिजाच्या वर, आकाशापुरतं. खाली जमीन तपकिरी. आकडे इतके मोठे केलेत की ओंगळ दिसतात. बघू, खुर्ची हलवल्यावर वाचता येतात का.

तू कधी येतोस? आई विचारत होती.

तुझा,
दिग्या