सुवर्ण नाही म्हणून ‘अपुरी’?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडा पानावर दिदिए कूश या स्विस स्कीपटूचा उल्लेख पाहून आधी बरेच वाटले. आपल्याकडे बर्फावरच्या खेळांना चार वर्षांतून एकदा जागा मिळते, तीही चौकटीपुरती. पण ‘ऑलिम्पिक सुवर्णाअभावी कारकीर्द अपुरी राहिली’ हे वाक्य खटकले.

ऑलिम्पिकमध्ये त्याचे पदक एकच, हे खरे. 1998 साली नागानोत सुपर-जीचे, म्हणजे खांबांमधून वळणे घेत वेगाने उतरण्याच्या शर्यतीचे, रौप्य, तेही ऑस्ट्रियाच्या हान्स क्नाउसबरोबर विभागून. 2010च्या जानेवारीत ऑस्ट्रियातल्या कित्झब्यूहेलला त्याने सुपर-जी आणि डाउनहिल (त्याहून कमी वळणांची, सर्वांत वेगवान उताराची शर्यत) दोन्ही जिंकल्या आणि आठवड्याच्या आत दुसरीकडच्या एका शर्यतीत पडून अंगठा मोडून घेतला. तशा हाताने तो व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये उतरला, डाउनहिलमध्ये सहावा आला. सुवर्ण नेले त्याच्याच संघातल्या दिदिए देफागोने.

पण डाउनहिलवाले माणूस तोलतात तो कित्झब्यूहेलच्या ‘श्ट्राइफ’ उतारावर. सव्वातीन किलोमीटरहून थोडे जास्त अंतर, दोन मिनिटांच्या आत. सुरुवात होते न होते तोच ‘माउसफाले’, म्हणजे उंदराचा सापळा; तिथे उतार 85 टक्के. डोंगर ऑस्ट्रियाचा, प्रेक्षक ऑस्ट्रियाचे, आणि तिथे हा स्विस गडी पाच वेळा डाउनहिल जिंकला. त्याआधी ऑस्ट्रियाच्याच फ्रान्झ क्लामरसारख्या दिग्गजाचीही मजल चारपर्यंतच गेली होती. शिवाय डाउनहिलचा मोसमी करंडक चारदा आणि 2009 साली सुपर-जीचे विश्वविजेतेपद. याला अपुरे म्हणायचे, तर पुरे कशाला म्हणायचे?

पाचवा विजय मी टीव्हीवर पाहिला. 2012च्या जानेवारीत मी नोकरीनिमित्त झुरिकजवळ राहत होतो. गुरुवारी कूशने या मोसमानंतर थांबणार असल्याचे जाहीर केले आणि शनिवारी घरमालकांनी मला खाली बोलावून घेतले. हे आजोबा पक्के जर्मनभाषक. फ्रेंच बोलणाऱ्या स्विसांबद्दल एरवी त्यांचे मत फारसे बरे नसे. कूश न्यूशातेलकडच्या ले पाकिए गावचा, म्हणजे फ्रेंचच. पण तो खाटकाचे काम रीतसर शिकलेला, आणि आजोबांचा जन्मही मांसाच्या दुकानात गेलेला. त्यांच्या लेखी तो ‘आपल्या धंद्यातला पोरगा’. 37 वर्षांचा हा पोरगा पहिला आला तेव्हा आजोबा चष्मा पुसत बसले.

शर्यत संपली की कूश एक स्की पायातून अशी झटकायचा की ती हवेत गिरकी घेऊन त्याच्या हातात यायची. आजोबांच्या नातवाने लगेच अंगणात जाऊन तेच करून पाहिले. स्की हातात आली नाही, खिडकीच्या काचेत गेली. आजीबाईंनी ती स्की महिनाभर माळ्यावर टाकली होती.

आपला,
एक वाचक, पुणे