खांदा व्हिडिओत दुखत नाही

महोदय,

फिजिओथेरपी आणि नर्सिंगच्या मुलांना व्हिडिओवरून उपचार शिकवण्याबद्दलचा कालचा लेख वाचला. लेखकमहाशय फारच खुशीत दिसले. ‘कितीही वेळा मागे नेऊन बघता येतं’ हे तर तीनदा लिहिलंय. ओढलेला खांदा मागे नेता येत असता तर मीही खुशीत असतो.

माझ्या पत्नीची डावी बाजू अर्धांगवायूने गेली. तिसऱ्या दिवशी इंटर्नशिपचा मुलगा आला. नम्र, ‘काकू, आता बसायचं हं’ म्हणणारा. आणि बसवताना त्याने नेमका डावा हातच ओढला. ती किंचाळली. लुळ्या बाजूच्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, नुसत्या हाताच्या वजनाने सांधा खाली सरकू बघतो; तो हात ओढायचाच नसतो, हे त्याच्या मॅडमनी मला नंतर समजावलं. पोरगा रडवेला. ‘मॅडम, व्हिडिओ चार वेळा बघितला होता.’

तो व्हिडिओ मी मागून घेऊन पाहिला. बटणाने वरखाली होणारा पलंग, सडपातळ ‘पेशंट’, तोही ठणठणीत, लुळेपणाचं नाटक करणारा. इथे लोखंडी खाट आणि ७२ किलोंची आमची मंडळी (वजन छापलंत तर घरात माझी खैर नाही). मॅडम ओरडल्या नाहीत. त्याचा तळवा पत्नीच्या खांद्याच्या पात्याखाली ठेवला, वर स्वतःचा हात ठेवला आणि विचारलं, ‘आता वजन लागतंय?’ लागलं. दोन मिनिटांचं काम.

हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायचं शिक्षणही तसंच. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, हे आकडे व्हिडिओत ऐकून पाठ होतील. सहा सेंटिमीटर म्हणजे किती जोर, हे पुतळ्यावर घाम गाळल्याशिवाय कळत नाही. २०२० मध्ये नाइलाज होता. आता कसला आहे? शिकवणाऱ्यांच्या जागा भरायच्या नसतील तर तसं सरळ सांगावं.

व्हिडिओशी माझं वैर नाही. त्याच मॅडमनी व्यायाम माझ्या मोबाइलवर टिपून दिले होते, ते मी कित्येक महिने रोज लावत होतो. पण त्याआधी माझे हात धरून सगळं दोनदा करून घेतलं होतं.

जाता जाता. रविवारच्या पुरवणीत योगासनांची चार चित्रं असायची. आता तिथे काळा चौकोन छापून ‘व्हिडिओसाठी स्कॅन करा’ म्हणता. पालथं पडून, चष्मा सांभाळत, फोनला तांब्याचा टेकू देऊन भुजंगासन करून दाखवा एकदा. चित्रं परत द्या. शब्दकोड्याचा टाइप बारीक केलात, त्याबद्दल वेगळं पत्र लिहितो.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक रोड