शाळा सुटली तरी बेसबॉल सुटू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात उद्यमबागेत माझा जुना विद्यार्थी भेटला. शाळेच्या बेसबॉल संघात तो कॅचर, म्हणजे बॅट्समनच्या मागे बसून चेंडू झेलणारा, होता; आता फाउंड्रीत कामाला आहे. बोलता बोलता त्याचा डावा पंजा आपसूक छातीसमोर उघडला, जणू चेंडू येतोच आहे. म्हणाला, "सर, रविवारी खेळायला संघच नाही हो."

बेळगावात खेळाचा शिक्षक म्हणून मी हेच पाहत आलो. शालेय स्पर्धेपुरता संघ जमतो आणि दहावी झाली की पोरे पांगतात. क्रिकेटची सवय असलेली ही पोरे आधी बॅट हातात घेऊनच पहिल्या बेसकडे, म्हणजे धाव काढताना गाठायच्या पहिल्या ठिकाणाकडे, धावतात. बॅट टाकून धावायचे हे अंगवळणी पडायला महिना जातो. एवढे शिकलेले मग वाया का घालवायचे?

अनगोळ, वडगाव, शहापूर, कंग्राळी, येळ्ळूर असा एकेक संघ उभा करून आपली आपण लीग चालवावी. दिवाळी ते होळी, दर रविवारी सकाळी, नवाऐवजी सात डावांचे सामने. दोन बेसमध्ये ९० फूट अंतर लागते, तेवढी जागा गावाबाहेरच्या माळावर मिळते. वाळू भरलेली पोती बेस म्हणून चालतात. खर्च खरा ग्लोव्हचा. पण ग्लोव्ह लागतात फक्त क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊ जणांना, त्यामुळे एकाच संचावर दोन्ही संघ खेळू शकतात. डावखुऱ्यांसाठी तेवढे एकदोन वेगळे हवेत. ज्या गल्ल्यांची मंडळे वर्गणी काढून शिवजयंतीचा चित्ररथ उभा करतात, त्यांना हे जड नाही.

या लीगमध्ये मराठी-कन्नड असे वेगळे संघ मात्र नकोत. ज्या गल्लीत जो राहतो, तो त्या गल्लीचा. धावफलक दोन्ही भाषांत लिहावा. मुलींसाठी सॉफ्टबॉलचे सामने त्याच दिवशी ठेवावेत.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटबरोबर बेसबॉल-सॉफ्टबॉलही आहे. तो निर्णय २०२३ मध्ये मुंबईतल्या बैठकीत झाला. आपली पोरे तिथवर जातील असे मी म्हणत नाही. फाउंड्रीतल्या त्या पोराला रविवारी हक्काचा सामना मिळावा, एवढेच मागणे आहे.

शाळांनी कपाटातले साहित्य रविवारपुरते द्यावे आणि महापालिकेने एक मैदान सकाळी दहापर्यंत मोकळे ठेवावे. माझ्याकडे दोन बॅटी आणि कॅचरचा एक मास्क आहे. पंच म्हणून मी पहिल्या रविवारपासून उभा राहतो.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, टिळकवाडी, बेळगाव