मायनस चार किलोन्यूटनबद्दल थँक्यू रे!

अरे, तू करून दिलेल्या त्या हलत्या आकृत्यांबद्दल फोनवर आभार मानायला गेलो की तू 'असू दे हो सर' म्हणून विषय बदलतोस, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितोय, आता वाच गुपचूप.

मेकॅनिक्स शिकवायला लागून इतकी वर्षं झाली पण ओव्हरहँगिंग बीम (सपोर्टच्या बाहेर टोक निघालेली आडवी तुळई) आला की दरवर्षी तेच रडगाणं. दोन सपोर्टमध्ये ६ मीटर, उजवीकडे २ मीटर बीम बाहेर, टोकाला १२ किलोन्यूटन, मोमेंट (बल गुणिले अंतर) घेतले की डावी रिअॅक्शन, म्हणजे डाव्या सपोर्टचा बीमवरचा जोर, मायनस ४ येते, म्हणजे खालच्या दिशेने, आणि निम्मा वर्ग ते मायनस खोडून मोकळा, कारण 'सपोर्ट खाली कसा ओढेल सर'. मी फळ्यावर बाण उलटा काढायचो, सगळे माना डोलवायचे, पेपरात परत प्लस.

तू जिओजेब्रात तोच बीम करून पाठवलास तेव्हा खरं सांगतो, मी नाक मुरडलं होतं, म्हटलं हे शाळेतल्या भूमितीचं सॉफ्टवेअर, इथे काय करणार. पण वर्गात लोड सरकवायला लागलो तसा डावा बाण आखडत गेला, लोड बरोब्बर उजव्या सपोर्टवर आला तेव्हा गायबच, आणि जरा पुढे ढकलला तर खाली तोंड करून बाहेर! मागच्या बाकावरून आवाज, 'म्हणजे डावीकडे नुसता खालून टेकू देणारा रोलर असता तर बीम उचलला गेला असता ना?' इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, शप्पथ.

आणि ती 'आधी अंदाज लिहा' वाली चौकट. मी काढ म्हणत होतो, तू अडून बसलास, बरं झालं. शिडीच्या गणिताला मुद्दाम बंद करून बघितली तर पोरं नुसती स्लायडर हलवत बसली, शिडी घसरली की खी खी. चौकट चालू केली आणि भांडणं सुरू. भिंत गुळगुळीत, जमिनीचा घर्षणांक ०.५, शिडी स्वतःच्याच वजनाची, जमिनीशी किती अंशाला घसरेल यावर बऱ्याच जणांनी ६० अंश ठोकले होते, ती ४५ पर्यंत टिकली. मग वजन दुप्पट केलं तरी ४५च, यावर तर अख्खा तास गेला, पोर्शन मागे पडला तो तुझ्यामुळे.

एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम, वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती) मात्र अजून वहीत हातानेच काढून घेतो, त्यात तुझं काही ऐकणार नाही. आणि हो, मोबाईलवर लोड बोटाखाली झाकला जातो, तेवढं सवडीने बघ ना.

तुझे सर