फिल्टर धुवायला सांगू नका!

महोदय,

एअर प्युरिफायर खरेदीवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार. मात्र हेपा, म्हणजे हवेतले अतिबारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरबद्दलच्या ‘एच १३ दर्जाचा हेपा फिल्टर खोलीतलं ९९.९७ टक्के प्रदूषण काढून टाकतो’ या एकाच वाक्यात तीन चुका बसवणं, हेही कसबच म्हणायचं. ९९.९७ हा आकडा अमेरिकी व्याख्येतला, ०.३ मायक्रॉनच्या कणांसाठीचा. एच १३ ही प्रतवारी युरोपच्या ईएन १८२२ मानकातली. तिथली अट ९९.९५ टक्क्यांची, आणि ती मोजतात सर्वांत सहज निसटणाऱ्या आकाराच्या कणांवर. शिवाय दोन्ही आकडे फिल्टरमधून एकदा गेलेल्या हवेचे आहेत, खोलीचे नव्हेत. आणि प्रदूषण म्हणजे नुसते कण नाहीत. वायू आणि वास हेपातून आरपार जातात. त्यांना शोषायला सक्रिय कोळसा (ॲक्टिव्हेटेड कार्बन) लागतो, तोही वजनाने भरपूर. काळी भुकटी फासलेल्या पातळ जाळीचा फोडणीच्या वासापुढेही टिकाव लागत नाही.

हे एक वेळ चाललं असतं. पण शेवटच्या चौकटीत ‘महिन्यातून एकदा फिल्टर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवा’ असं छापलंय! आज किती घरांत फिल्टर बादलीत पडले असतील कोण जाणे. घरगुती यंत्रांतले बहुतेक हेपा फिल्टर पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक तंतूंचे असतात आणि त्या तंतूंवर कारखान्यातच विद्युतभार चढवलेला असतो. बारीक कण पकडण्याचं बरंचसं काम हा भार करतो. साबणाच्या पाण्याने तो जातो, घड्या एकमेकींना चिकटतात, कडेचा डिंक सुटतो. वाळल्यावर फिल्टर पांढराशुभ्र दिसतो, हवाही छान सुटते, म्हणून फसगत कळत नाही. धुवायची असते ती पुढची जाळी, म्हणजे प्री-फिल्टर, दोन-तीन आठवड्यांनी. आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच परत लावायची, नाहीतर पावसाळ्यात मागच्या फिल्टरला बुरशी धरते. हेपाला पाणी नाही, झटकणंही नाही. भरला की बदलायचा. (नव्या फिल्टरवरची प्लॅस्टिकची पिशवी काढायची असते, हेही छापा. ती तशीच ठेवून महिनोन्महिने यंत्र चालवणारे कमी नाहीत.)

लेखात अख्खी चौकट प्रतवारीला दिली आणि सीएडीआरचा, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं त्याचा, उल्लेखही नाही. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे ३४ घनमीटर हवा. ती तासात पाच वेळा फिरवायची तर सीएडीआर १७० हवा, आणि तोही रात्री ज्या वेगावर तुम्ही यंत्र ठेवता त्या वेगावर. डब्यावर छापतात तो पूर्ण वेगाचा, विमान उडाल्यासारख्या आवाजातला. शेजारच्या अर्ध्या पानी जाहिरातीतल्या ‘५०० चौरस फुटांपर्यंत’चंही तेच. सीएडीआर ३०० असेल आणि छत आठच फूट धरलं, तरी तेवढ्या जागेत हवा तासाला जेमतेम अडीच वेळा फिरते. लेखाने ही जाहिरात तपासायला नको होती का? की पान एकच असल्यामुळे अवघड झालं?

‘ट्रू हेपा’, ‘हेपा टाइप’ ही विशेषणं कोणत्याही मानकात नाहीत. ‘एच ११’, ‘एच १२’ तर २००९ सालीच ई ११, ई १२ झाले. तेव्हापासून हेपा सुरू होतो तो एच १३ पासून. आणि खरा एच १३ आणला, पण कडेची रबरी पट्टी नीट बसली नाही नि पाच टक्के हवा बगलेतून निसटली, तर हातात उरतात ९५ टक्के. म्हणजे ई ११. स्वस्तातल्या पर्यायी फिल्टरांची बोंब बऱ्याचदा इथेच असते.

जाता जाता आणखी एक. पहिल्या पानावर तुम्ही रोज ‘एक्यूआय १६८ मायक्रोग्रॅम’ असं काहीतरी छापता. एक्यूआय हा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक आहे, त्याला एकक नसतं. पीएम २.५ मुळे, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांमुळे, आलेला १६८ म्हणजे आपल्याकडच्या मोजणीत दर घनमीटरला साधारण ८० मायक्रोग्रॅम. वाचक नवं यंत्र सुरू करतो, त्याच्या पडद्यावर मायक्रोग्रॅममधले ८० दिसतात, आणि अर्ध्या मिनिटात निम्मं प्रदूषण गेलं म्हणून घरात आनंदीआनंद.

— वायुवीजन व्यवसायातील एक वाचक, ठाणे